पोट उतरवायचा पट्टा: एक स्टार, तोही वेल्क्रोला

मार्चात आमच्या आशाताई तिशीच्या वरच्या सगळ्यांचे तब्येतीचे फॉर्म भरत फिरत होत्या. माझ्या कृषी केंद्राच्या काउंटरपाशीच त्यांनी टेप काढला. मी पोट आत ओढलं. "भाऊ, श्वास सोडा. मी पोट मोजून राहिली, छाती नाही!" खालची बरगडी आणि कमरेचं हाड, त्याच्या मधोमध टेप. 98 सेंटिमीटर. पुरुषाचं 90 च्या आत पाहिजे, बाईचं 80 च्या.

मी 64 किलोचा. हातपाय पऱ्हाटीच्या काड्या. मला जाड म्हणायची कोणाची छाती नाही. त्याच रात्री रागानं मोबाइलवरून 449 रुपयांचा घामाचा पट्टा मागवला.

जाड रबरी कापड, नव्या टायरसारखा वास, खोक्यावर पोटाला घड्या पडलेला गडी. वेल्क्रो मात्र दणकट, बैल ओढले तरी सुटणार नाही. पहिल्या दिवशी तासाभरानं काढला तर बनियान पिळण्याजोगी. टेप लावला: 96! मी खूश. रात्री जेवलो, तांब्याभर पाणी प्यायलो, सकाळी परत 98. गेलं होतं ते पाणी, आणि दाबलेलं पोट उशीसारखं परत फुगलं. एप्रिलच्या उन्हात पंधरा दिवस नेटानं बांधला. कमरेभोवती घामोळ्यांचं कडं तेवढं मिळालं.

खाज दाखवायला उपकेंद्रात गेलो, तिथं साखर तपासली. उपाशीपोटी 118. शंभराच्या आत पाहिजे. मॅडम म्हणाल्या, चिमटीत येते ती कातडीखालची चरबी, तिचा एवढा त्रास नाही. खोडी आतलीची, आतड्यांभोवतीची. तिथलं रक्त सरळ लिव्हरात जातं, लिव्हरावर चरबी चढते, मग शरीर साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला जुमानत नाही. पट्टा बाहेरून आवळून तिथवर काय पोचणार?

तरी काड्यांसारख्या हातपायांचं कोडं सुटेना. पोरानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी, 2004 साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकात छापलेला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. म्हणजे आपल्याकडची बारीक माणसंही आतून लोण्याची. वजनकाट्यावर मी वीस वर्षं उगाच विश्वास ठेवला.

आता शेतात गाडी नेत नाही, अडीच किलोमीटर पायीच. रात्रीचा भात निम्मा. पोळ्याला 95 भरलं, तेही आशाताईंच्याच टेपनं.

पट्टा परत पाठवायला गेलो तर 'वापरलेला माल घेत नाही'. बायकोनं कात्रीनं त्याचे दोन तुकडे केले आणि फवारणीच्या पंपाच्या पट्ट्यांखाली शिवून टाकले. सालदार म्हणतो, "आता खांदा कापत नाही बा."