मर्फीचं निळं पुस्तक, मिरजेतल्या नर्सिंगच्या बॅचमधून

परदेशी जायचं ठरवलेल्या नर्सेसना मी मिरजेत इंग्रजी शिकवते. दिवसपाळी संपली की मुली संध्याकाळच्या बॅचला येतात, नाइट लागली की गायब. ब्रिटनला जायचं तर तिथलं नर्सिंग कौन्सिल आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ बँड (म्हणजे गुण) मागतं, नाहीतर ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा द्यायची. नवीन आलेली प्रत्येक मुलगी आधी विचारते, "मॅडम, पुस्तक कुठलं घेऊ?" मी रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' सांगते. केंब्रिजचं, निळ्या मुखपृष्ठाचं. (आमच्या पिढीला मर्फी म्हटलं की रेडिओ आठवतो, ते असो.)

पुस्तक पहिल्यांदा आलं १९८५ साली. मी वापरते ती २०१९ची पाचवी आवृत्ती, १४५ युनिटांची. डाव्या पानावर समजावणी, समोरच्या उजव्या पानावर त्याच मुद्द्याचे स्वाध्याय, उत्तरं मागे. पान उलटावं लागत नाही. ड्यूटीच्या मधल्या वेळात एक युनिट सहज होतं, आणि माझ्या मुलींकडे तेवढाच वेळ असतो.

पण त्याची खरी करामत डाव्या पानावर आहे. आपल्याकडे व्याकरण म्हणजे आधी व्याख्या, मग फॉर्म्युला, मग वाक्यं फिरवा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत दोन्हीकडून भाषांतर करून घ्यायचे, त्यानं हात बसायचा हे खरं. पण हा काळ केव्हा वापरायचा आणि तो केव्हा, हे ज्याचं त्यानं ताडायचं. मर्फी आधी प्रसंग दाखवतात आणि नियम मागून येतो. टॉमला चावी सापडत नाहीये, तर 'ही हॅज लॉस्ट हिज की'. दहा मिनिटांनी चावी सापडली. आता 'हॅज लॉस्ट' म्हणता येत नाही, 'ही लॉस्ट हिज की, बट नाऊ ही हॅज फाउंड इट' म्हणावं लागतं. मी टॉमला काढून त्याच्या जागी वॉर्डातली सिस्टर घालते आणि चावी औषधांच्या कपाटाची करते. राउंड सुरू व्हायला आलाय आणि कपाट बंद. मग प्रेझेंट परफेक्ट वेगळा समजवावा लागत नाही, मुलींना धडधडच होते.

७४वं युनिट तर आमच्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. मूल शिकायला जातं ते 'टू स्कूल', त्याची आई बाईंना भेटायला जाते ती 'टू द स्कूल'. हॉस्पिटलचंही तसंच. पेशंट 'इन हॉस्पिटल' असतो, त्याला बघायला आलेले नातेवाईक 'ॲट द हॉस्पिटल'. अमेरिकेत मात्र दोघांनाही 'द' लागतो. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीतले फरक सांगणारं परिशिष्ट शेवटी आहे, ते दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांनी जरूर बघावं.

'पेशंट इज हॅविंग फीवर' हे आपल्या दवाखान्यांतलं लाडकं वाक्य. मोठे डॉक्टरही म्हणतात, त्यामुळे ते चुकीचं आहे हे पटवणंच अवघड. १७वं युनिट उघडून दाखवलं की वाद मिटतो: आजार, नातं, मालकी यांच्यासाठी 'हॅव' वापरलं तर 'इंग' लावायचं नाही. छापील पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर मुली ऐकतात, नुसतं माझं ऐकत नाहीत.

आता तक्रार. हे पुस्तक जगभरच्या सगळ्यांसाठी एकच आहे, त्यामुळे समोर बसलेलीची मायबोली कोणती हे त्याला ठाऊक नाही. पास्ट परफेक्टचं १५वं युनिट बघा. पार्टीचं उदाहरण आहे: एकजण पोचायच्या आधीच दुसरा घरी गेला होता. दोन घटना, त्यातली आधीची 'हॅड'नं सांगायची. चोख समजावलंय, स्वाध्यायही सगळ्यांचे बरोबर येतात. आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलगी येऊन सांगते, "मॅडम, आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे." कारण मराठीत आपण 'मी काल पुण्याला गेले होते' असंच म्हणतो. घटना एकच असली तरी आपल्याला 'होते' लागतं. इंग्रजीत तिथे 'वेंट' पुरे. हॅड ऐकलं की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघत बसतो. ओईटीत केस नोट्सवरून पत्र लिहायचं असतं. त्यात 'द पेशंट हॅड व्हॉमिटेड ॲट ४ पीएम' असं सुटं वाक्य आलं की वाचणारा विचारणार, कशाच्या आधी? ही चूक मराठी मुलींमध्ये सर्रास होते आणि पुस्तकात तिच्यावर स्वतंत्र स्वाध्याय नाही. तो मी फळ्यावर घेते.

उलट काही युनिटं आपल्याला जवळपास आयतीच जमतात. म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात करूच नका. शेवटी 'स्टडी गाइड' म्हणून एक विभाग आहे, छोटी चाचणीच. जिथे अडाल तिथे कुठलं युनिट करायचं ते शेजारी दिलेलं असतं. त्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. सगळ्या जणी पहिल्या युनिटपासून पेन्सिल घेऊन बसतात आणि विसाव्याच्या आसपास दमतात. आर्टिकल्स ६९च्या पुढे आणि प्रिपोझिशन्स १२१च्या पुढे आहेत. म्हणजे आपली दुखरी जागा नेमकी दमल्यानंतर येते.

शब्दसंग्रहासाठी हे पुस्तक घेऊ नका. शेवटची ९ युनिटं फ्रेजल व्हर्ब्जची ('गेट अप'सारख्या जोड-क्रियापदांची) आहेत, ती बरी आहेत, पण दवाखान्यातलं इंग्रजी त्यात मिळणार नाही. त्यासाठी वेगळी वही घाला.

पाया कच्चा असेल तर याच मालेतलं लाल मुखपृष्ठाचं, सोपं 'इसेन्शियल' घ्या, त्यात कमीपणा नाही. हिरवं 'ॲडव्हान्स्ड' मार्टिन ह्युइंग्स यांचं आहे. ते माझ्या टेबलावर असतं, मुलींना मी घ्यायला लावत नाही. निळं घेताना 'विद आन्सर्स' लिहिलेली प्रत बघून घ्या, बिनउत्तरांचीही मिळते. आणि फुटपाथवरची चोरटी प्रत टाळा. काही स्वाध्याय चित्रं बघून सोडवायचे आहेत, आणि त्या प्रतींमध्ये चित्रातला माणूस पळतोय की झोपलाय तेच कळत नाही.