उद्यमनगरातले मामा आणि डॅशबोर्डवरचा बल्ब

बाबांची २००३ची पेट्रोल गाडी आता मी चालवते. कोल्हापूर-गारगोटी, दर रविवारी. गेल्या उन्हाळ्यात ती वाटेतच बंद पडायला लागली. एकदा अडखळायची आणि गप्प. वीस मिनिटं थांबलं की पहिल्या चावीला सुरू. गॅरेजात नेली की दिवसभर काही तक्रार नाही.

दोन गॅरेजांत मिळून बॅटरी, इग्निशन कॉइल आणि पेट्रोलचा पंप बदलून झाला. साडेअकरा हजार गेले. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही. मग चुलतभावानं शिवाजी उद्यमनगरातल्या या ऑटो इलेक्ट्रिशियन मामांकडे पाठवलं. दोन लेथ कारखान्यांच्या मधली बोळाएवढी जागा आहे.

मामांनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्नच विचारले. किती किलोमीटर झाल्यावर बंद पडते? दुपारीच की सकाळीही? "चावी फिरवली की मागनं पंपाचं दोन सेकंद घूं वाजतं बघा. बंद पडल्यावर ते वाजतंय का, ऐकलासा कधी?" मी कधीच ऐकलं नव्हतं. पंपाच्या वायरीला बारा व्होल्ट येतात, आधीच्या गॅरेजात मोजलेत, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी खोक्यातलं वायर जोडायचं एक गंजकं टर्मिनल काढलं. त्यातून मीटरवर १२.४ दिसले. त्याच टर्मिनलमधून हेडलाइटचा बल्ब जोडला, तर तो जेमतेम लालसर झाला. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून खराब जोडही त्याला चांगला वाटतो. हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

मग त्यांनी मागच्या सीटखालून पंपाच्या वायरीवर एक छोटा बल्ब जोडला आणि मध्ये फ्यूज घालून तो डॅशबोर्डवर आणून बसवला. म्हणाले, "घेऊन फिरा. बंद पडायला लागली की क्लच दाबू नका. गिअरमध्येच राहू द्या, आणि बल्ब बघा." इंजिन थांबलं की पंपाचा रिले, म्हणजे त्याला करंट देणारा स्विच, आपोआपच सुटतो, मग बल्ब विझला तरी त्यातून काही कळत नाही. चाकांच्या जोरावर इंजिन फिरत असताना विझला, तरच करंट तुटलाय.

इस्पुर्लीच्या पुढे, भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर गाडी अडखळली. इंजिन फिरत होतं आणि बल्ब विझला होता. कडेला घेऊन फोन केला. मामा म्हणाले, पंपाचा रिले अंगठ्यानं दाबून धरा आणि चावी फिरवा. बल्ब लागला, मागून घूं आलं. मला तिथेच रडू फुटलं.

दोष रिलेच्या सॉकेटात होता. आतली एक क्लिप वीस वर्षांत सैल झाली होती. सैल जोड तापायचा, तापून आणखी सुटायचा, आणि गार झाला की परत चिकटायचा. मामांनी काळी पडलेली वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापली, नवं टर्मिनल बसवलं, पिन जळालेला रिले बदलला. सगळे मिळून सातशे रुपये. जुना पंप चांगलाच होता, हेही सांगितलं.

पक्कं बिल मिळत नाही, बसायला जागा नाही, आणि सीटची एक क्लिप तुटली ती तशीच राहिली. घाईत असाल तर जाऊ नका, दोन-तीन खेपा होतात. पण अधूनमधून दगा देणारी जुनी गाडी असेल तर आधी यांच्याकडेच न्या, आणि ती कधी, कुठे, किती तापल्यावर बंद पडते हे वहीत लिहून न्या. मामा ते खरंच वाचतात.

त्यानंतर सात महिने झाले. बल्ब मी अजून काढू दिलेला नाही.