ई-निविदा की कंपनीचे कोटेशन?

जालन्यातील एका फॅब्रिकेशन व्यावसायिकासमोर दोन संधी आहेत: सरकारी कार्यालयाची फर्निचरची ई-निविदा आणि वाळूजच्या एका कंपनीने रॅकसाठी मागवलेले कोटेशन. दोन्हींची तयारी एकदम करण्याइतकी माणसे त्यांच्याकडे नाहीत.

खर्चात निविदा जड पडते. डिजिटल स्वाक्षरी, कागदपत्रे आणि बयाणा रक्कम (निविदेसोबत ठेवायची अनामत) लागते. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत ती अंदाजित किमतीच्या 2 ते 5 टक्के आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांना सूट मिळू शकते, मात्र ती आपल्या निविदेत आहे का, हे अटींतच पाहावे.

काम मिळण्याची शक्यता हा खरा मुद्दा आहे. निविदेत पात्र ठरलेल्यांपैकी बहुधा सर्वांत कमी दर जिंकतो, त्यामुळे अनुभवाची वा उलाढालीची एकही अट अपुरी असेल, तर तिथेच थांबावे. कोटेशनला खर्च नाही. परंतु कित्येकदा ते जुन्या पुरवठादाराचा दर पाडण्यापुरतेच मागवलेले असते (खरेदी विभाग हे कबूल करणार नाही), म्हणून ड्रॉइंग, नग आणि सध्याचा पुरवठादार यांविषयी आधी विचारावे. उत्तरे मोघम असतील, तर कोटेशनवर वेळ घालवू नये.

पैशांची खात्री दोन्हीकडे बेताचीच आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाला कमाल 45 दिवसांत देयक मिळायला हवे, पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून तक्रार क्वचितच होते.

खेळते भांडवल थोडे असून वारंवार काम हवे असेल, तर कंपनी बरी. पात्रता पूर्ण असून देयक लांबले तरी तग धरता येत असेल, त्यांनी निविदा भरावी.