टवका उडालेली प्लेट

"टवका उडालाय ना, तिथंच बघा ताई. आत लोखंड चमकतंय. आपल्याकडं लपवाछपवी नाही."

हे म्हणणाऱ्या माणसानं मला ४० किलो बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, प्लेटा म्हणून जेमतेम साडेबत्तीस किलो सिमेंट विकलं. घरच्या घरी, कमी पैशांत व्यायामाचं सामान जमवणारे माझ्यासारखे बरेच असतील. त्यांनी हे वाचावं म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

त्याआधी माझं बरं चाललं होतं. पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन, जाड पुस्तकं भरलेली सॅक आणि वाळूची एक पिशवी एवढाच माझा जिम. कॅन अर्धवट भरला की पाणी डचमळतं आणि मनगट ओढलं जातं, म्हणून तो गळ्यापर्यंत भरायचा. वाळू एका पिशवीत कधी टिकत नाही. आत जाड प्लॅस्टिक, त्यावर चिकटपट्टीचे वेढे आणि बाहेरून कापडी पिशवी, असं केलं की सांडत नाही. हे सगळं चुकतमाकत शिकले होते. आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी तीन दिवस करत होते.

पण घरी कुणी आलं की मी ते कॅन पलंगाखाली सरकवायचे. खऱ्या प्लेटा, खरा रॉड हवा असं फार वाटायचं. या हौसेनंच घात केला.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत हा सेट दिसला. दहा किलोच्या दोन, पाच किलोच्या चार प्लेटा आणि चार फुटी रॉड. 'जिम बंद केली, घाईत विकणे आहे.' भाव नव्याच्या निम्म्याहून कमी. प्लेटांवर काळं रबर चढवलेलं. तो म्हणाला, "फरशी खराब होत नाही, आवाज येत नाही." पटलं. आत काय आहे ते रबरामुळे दिसतही नाही, हे मात्र सुचलं नाही.

मी अगदीच भोळी नव्हते. पर्समध्ये लोहचुंबक घेऊन गेले होते. तो गाडी घेऊन अंधार पडता पडता आला. डिकीत प्लेटांची चळत, त्यातली सगळ्यात वरची त्यानं माझ्या हातात दिली. तिच्या काठावर, १० मधल्या शून्याच्या शेजारी, नखाएवढा टवका उडालेला होता. आत करडं, चकाकतं लोखंड. चुंबक टच्चकन चिकटलं. प्लेट हातात जड, गार आणि बारीक. "या टवक्याचे थोडे कमी करतो," असं तो आपणहून म्हणाला, तेव्हा तर मला माणूस देवासारखाच वाटला. बाकीच्या प्लेटा बघायला लागले तर म्हणाला, "बांधलेल्या आहेत ताई, सोडल्या तर पुन्हा बांधायला अर्धा तास. थांबा, ही पण आत टाकून पक्कं बांधून देतो." मी पैसे मोजत होते. रोख दिले. पावती मागितली नाही.

घरी पोतं सोडलं तर सहा प्लेटा, बरोबर. टवका एकीलाही नाही. सगळ्या नव्याकोऱ्या. आता सांगायलासुद्धा लाज वाटते, पण तेव्हा मी मनात म्हटलं, किती चांगला माणूस, खराब प्लेट गुपचूप बदलून दिली!

पुढचे सात आठवडे मी वहीत आकडे लिहीत होते. ताकद वाढवायची तर वजन थोडंथोडं वाढवत न्यायचं, म्हणून आज किती उचललं याची नोंद. माझी प्रगती झपाट्यानं होत होती, साहजिकच! उजवा खांदा मात्र दुखायला लागला. मी दोष माझ्या पवित्र्याला दिला. सतरंजीवर रोज करड्या भुकटीची बारीक रेघ पडायची. ती झाडून टाकायचे आणि छताकडे बघायचे, गिलावा सुटला की काय म्हणून.

एके सकाळी रॉड खाली ठेवताना 'कट्' असा कोरडा आवाज आला. लोखंड असं बोलत नाही. पाच किलोची एक प्लेट शिवणीवर उकलली होती आणि आतून खडी दिसत होती.

मग मोजायला बसले. घरातला माणसांचा वजनकाटा छोट्या वस्तूला नीट दाद देत नाही, म्हणून आधी नुसती उभी राहिले, मग प्लेट कवटाळून, आणि वजाबाकी केली. प्रत्येक प्लेट तीनदा. दहाच्या दोन भरल्या ८.२ आणि ७.९. पाचच्या चार ४.४, ४.१, ४ आणि ३.८. कुठल्या बाजूला कुठली लावली जाते त्यावर रॉडच्या दोन टोकांत जवळजवळ एक किलोचा फरक पडत होता. खांद्याचं दुखणं त्यामुळेच होतं असं छातीठोक सांगत नाही, पण सात आठवडे मी वाकडं ओझं उचलत होते एवढं नक्की.

वजनातली तूट काट्यावर कळते, पण आत काय आहे ते पाण्यात कळतं. मोठी बादली परातीत ठेवून काठोकाठ भरली, दहाची न फुटलेली प्लेट हळूच पूर्ण बुडवली आणि सांडलेलं पाणी लिटरच्या बाटलीनं मोजलं. साडेतीन लिटरच्या वर गेलं. ओतीव लोखंड पाण्याच्या सात पटींहून थोडं जास्त जड असतं, म्हणजे दहा किलोची खरी प्लेट दीड लिटरसुद्धा पाणी सांडणार नाही. काँक्रीट पाण्याच्या सव्वादोन ते अडीच पट. माझ्या प्लेटेचा हिशोब तिथंच येऊन बसला. बिडाची प्लेट बारीक असते आणि त्याच वजनाची सिमेंटची चांगली गलेलठ्ठ. नुसती जाडी जरी दिव्याखाली बघितली असती! पण चळत पोत्यात होती आणि मी टवक्यात. सिमेंटच्या प्लेटा विकणं हा काही गुन्हा नव्हे, त्या राजरोस मिळतात आणि स्वस्त असतात. लोखंड म्हणून, वजन फुगवून विकणं ही फसवणूक. सिमेंटच्या प्लेटांना चुंबक चिकटत नाही, पण चुंबक मी एकाच प्लेटेला लावलं होतं.

रॉडचीही तीच कथा. भरीव पोलादी रॉडचं वजन काढायचा कारागिरांचा सोपा हिशोब आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे दर मीटरला किती किलो ते. २५ मिलिमीटरचा चार फुटी रॉड त्या हिशोबानं साडेचार किलोच्या पुढे जायला हवा. माझा दीडच्या आत. दोन्ही तोंडांना रंगवलेल्या लाकडी गुट्ट्या ठोकलेला पोकळ पाइप. असा पाइप डोक्यावर उचलून धरला असताना वाकला तर काय होईल याचा विचार करून त्या रात्री झोप आली नाही.

फोन लावला. "अहो ताई, कंपनीच्या मालातसुद्धा दहा-वीस टक्के इकडंतिकडं असतंच." "दादा, आत खडी आहे." "तुम्ही स्वतः चुंबक लावून बघितलंत की! आता माझ्या नावानं कशाला?" यानंतर नंबर लागलाच नाही. वजनातल्या फरकाचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत मोठ्या प्लेटेला पाव टक्का सूट असते, दहा किलोला २५ ग्रॅम. घरगुती प्लेटेकडून तेवढी अपेक्षा कुणी करत नाही, पण पावणेदोन-दोन किलो म्हणजे इकडंतिकडं नव्हे. तक्रार करायला माझ्याकडे पावती नव्हती, त्याचं खरं नाव नव्हतं, गाडीचा नंबरसुद्धा बघितला नव्हता. जाहिरातीचा फोटो आणि आमचे मेसेज तेवढे जपून ठेवलेत.

सगळ्यात जास्त टोचलं ते पुढंच. एका दुपारी एक कॅन रिकामा करून वाळवला आणि त्यात कोरडी वाळू भरली. एक लिटर वाळू साधारण दीड-पावणेदोन किलो भरते. पाच लिटरचा कॅन काट्यावर ८.१ किलो झाला. पैसे मोजून आणलेली माझी 'दहा किलोची' प्लेटही तेवढीच. फक्त पाण्यासाठी केलेली मूठ वाळूच्या ओझ्यानं सुटू शकते, म्हणून मी कॅनच्या बुडाखालून जाड पट्टा घेतलाय आणि तोच धरते. कॅन आता पलंगाखाली जात नाहीत.

गेल्या आठवड्यात सहज जाहिराती चाळत होते. नवं नाव, नवा नंबर, 'घर बदलतोय, घाईत विकणे आहे.' फोटोत काळ्या प्लेटांची चळत, आणि सगळ्यात वरच्या प्लेटेच्या काठावर, शून्याच्या शेजारी, नखाएवढा टवका. खाली लिहिलं होतं, 'किरकोळ टवका, त्याचे पैसे कमी करू.'