पॅकिंग टेबलावरचा कॅमेरा : नऊ महिन्यांनंतर

आम्ही ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलवरून कोल्हापुरी चपला विकतो. चपलेत कसली आलीय फसवणूक, असं वाटायचं. पहिल्याच दिवाळीत कळलं. आम्ही पाठवलेली कातड्याची कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार), परत आली ती टाच झिजलेली रेक्झिनची. खोका मात्र आमचाच! भरपाईचा क्लेम टाकला तर पोर्टलचं उत्तर, 'पुरावा अपुरा'. चपलेचे साडेबाराशे गेले, वर परतीचं कुरिअरही आमच्याच माथी.

मग पॅकिंगचा व्हिडिओ घ्यायला टेबलाला साडेसातशेचा स्टँड अडकवला, त्यात हिचा जुना मोबाइल आणि २५६ जीबीचं कार्ड. आधी दुकानातला सीसीटीव्ही वापरून पाहिला होता, पण त्यात लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबरच (कुरिअरचा पार्सल क्रमांक) वाचता येईना. मोबाइलवर ७२० पी, म्हणजे मध्यम स्पष्टतेचं रेकॉर्डिंग, पुरतं. रोजच्या पंचवीसेक ऑर्डरींना दीड जीबी जातो, म्हणून कार्ड पाचेक महिने पुरतं.

पॅकिंगचा व्हिडिओ मी समजत होतो तेवढा कामाचा नाही. पोर्टलवाले म्हणतात, तुम्ही बरोबर पाठवलंत, पण परत काय आलं ते दाखवा. खरी कमाई परतीचं पार्सल उघडतानाच्या व्हिडिओत आहे. आधी लेबल, मग सहाही बाजू, मग कात्री, आणि मध्ये कुठंही कट नको. कुरिअरचा पोरगा दारात घाई करतो, त्याला ओटीपी देण्याआधी निदान पिशवी फाटलीय का ते बघायचंच. शिवाय आता टाचेखाली आमचा अनुक्रमांकाचा ठसा असतो. पॅक करताना तो दाखवायचा आणि परत आल्यावर ताडून बघायचा. स्टँडपेक्षा हा ठसाच जास्त कामाला आला, असं माझं मत. नऊ महिन्यांत अठरा क्लेम टाकले, अकरा मंजूर झाले. त्याआधी एकही होत नव्हता.

एक किस्सा सांगायलाच हवा. सोलापूरच्या बाईंनी लिहिलं, एक चप्पल ८ नंबरची, दुसरी ९ ची. मी तावातावानं व्हिडिओ काढला, आता दाखवतोच म्हटलं. बघतो तर दोन वेगळे नंबर माझ्याच हातांनी खोक्यात ठेवलेले! माफी मागून नवा जोड पाठवला. तेव्हापासून नंबर मोठ्यानं वाचतो. आवाजही रेकॉर्ड होतो, हा एक फायदा.

जमत नाही ते एकच. लग्नाच्या वरातीत नाचून दुसऱ्या दिवशी 'साइज बसली नाही' म्हणणाऱ्यांपुढं कॅमेरा काय करणार? ठसा आमचाच, चप्पल आमचीच, फक्त अंगठ्याला हळद लागलेली. तळाला 'स्टिकर काढल्यास परत नाही' असंही चिकटवून पाहिलं, पण पोर्टल ते मानत नाही. असे जोड आता दुकानात सेकंड म्हणून कमी दरात काढतो.

स्टँडचा स्क्रू सहाव्या महिन्यात ढिला झाला, तो सायकलवाल्याकडून बसवून घेतला. घ्यावा का? रोज दहाच्या वर ऑर्डरी असतील तर घ्या, पण ठसा आधी करून घ्या.