वापरलेले तळणीचे तेल नेणारी सेवा: काटा चोख, कागद अर्धा

सोलापुरातील आमच्या फरसाणाच्या दुकानातले वापरलेले तेल सध्या एक संकलन कंपनी नेते. गाडी ठरलेल्या दिवशी येते, डब्यांचे वजन आमच्यासमोर होते आणि पैसे त्याच दिवशी खात्यात जमा होतात. त्यांचा माणूस थोडे तेल तापवून, त्यात मीटरची कांडी बुडवून ध्रुवीय घटकांचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या खराब घटकांचे, प्रमाणही दाखवतो. १ जुलै २०१८ पासूनच्या नियमानुसार हे प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेलेले तेल पुन्हा कढईत घालता येत नाही. एरवी ते एखाद्या हातगाडीवर तरी जाते किंवा गटारात तरी. एवढ्यापुरती तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती कागदपत्रांची. अशा तेलापासून विमानाचे इंधन बनवता येते, आणि इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला त्यासाठी २०२५ मध्ये आयएससीसी कोर्सिया प्रमाणपत्र मिळाले आहे (कोर्सिया म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानांच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब ठेवणारी योजना, आणि आयएससीसी ही त्यासाठी प्रमाणपत्र देणारी व्यवस्था). कोर्सियाच्या हिशेबात साध्या विमान इंधनाचे निर्मितीपासून जळेपर्यंतचे उत्सर्जन दर मेगाज्यूल ऊर्जेमागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात ८९ ग्रॅम धरतात, तर वापरलेल्या तेलापासूनच्या इंधनाचे १३.९ ग्रॅम, कारण हे तेल टाकाऊ मानले जाते आणि तेलबियांच्या शेतापासून आमच्या कढईपर्यंतचे उत्सर्जन त्याच्या नावावर मांडले जात नाही. साहजिकच, वाटेत कोणी ताजे पामतेल वापरलेले म्हणून खपवले, तर तो आकडा खोटा पडतो.

या प्रमाणपत्राच्या साखळीत आमच्यासारख्या लहान दुकानाकडून फक्त स्वयंघोषणापत्र घेतात, म्हणजे तेल वापरलेलेच आहे आणि महिन्याला किती निघते हे सहीनिशी सांगणारा कागद. प्रमाणपत्रासाठीचे लेखापरीक्षक अशा दुकानांपैकी काही निवडून तपासतात. साखळीचा पहिला पुरावा हाच असताना ते घोषणापत्र केवळ इंग्रजीत, तेही महिन्याच्या तेलाचा रकाना कोरा ठेवून सहीसाठी पुढे करावे, हे पटण्यासारखे नाही. आकडा लिहिल्याशिवाय सही होणार नाही असे सांगितल्यावर तो लिहिला गेला. प्रत मात्र मागूनही मिळालेली नाही. (विमानांना अडथळा होते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडलेल्या आमच्या गावात या विषयावर लोक जरा जास्तच काटेकोर असतात, हेही खरे.)

भाव आणि वजन यांसाठी ही सेवा अवश्य घ्यावी. मात्र घोषणापत्रातले किलो स्वतःच्या हाताने, तेलखरेदीची बिले समोर ठेवून लिहावेत आणि कागद परत देण्यापूर्वी त्याचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा.