सौद्यापुरता धड असलेला घोडा

गेल्या हिवाळ्यात एका व्यापाऱ्याच्या खासगी पागेतून मी मारवाडी जातीचा एक तरुण घोडा सव्वादोन लाख रुपयांना विकत घेतला. घोड्याला चार दात फुटत आहेत, म्हणजे साडेतीन वर्षे पूर्ण झाली आहेत, तो लांबच्या रपेटीला तयार आहे आणि पायाने एकदम साफ आहे, असे मला सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो जेमतेम अडीच वर्षांचा होता, त्याच्या मागच्या डाव्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्यात, ज्याला डॉक्टर हॉक म्हणतात, हाडाचा एक तुकडा सुटलेला होता आणि सौद्याच्या दिवशी तो लंगडू नये अशी व्यवस्था आधीच करून ठेवलेली होती.

घोडा पाहायला माझ्यासोबत आयुष्यभर पागेत काम केलेले एक मोतद्दार होते. त्यांनी पाय हाताने चाचपले, खूर उचलून पाहिले, घोडा दुडकी चालवून पाहिला. त्यांना काही दिसले नाही, आणि दिसणे शक्यही नव्हते, कारण ज्या सांध्यात स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि वेदना दाबणारे औषध, सुईने घातलेले असते तो सांधा काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, निरोगी सांध्यासारखाच वागतो. त्या दिवशी घोड्याच्या मागच्या दोन्ही पायांना हळद आणि तेलाचा जाड लेप दिलेला होता. 'नजर लागू नये म्हणून' असे कारण व्यापाऱ्याने हसत सांगितले. घरी आणल्यावर पाय धुतले, तेव्हा डाव्या हॉकच्या आतल्या बाजूला पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात केस आखूड असलेले दिसले. दाव्याने घासले असेल, असे उत्तर फोनवर मिळाले. दाव्याचा घासा कधी चौकोनी नसतो. सुई टोचण्यापूर्वी केस काढतात ते मात्र असेच दिसते.

पहिले काही आठवडे घोडा उत्तम चालला. त्यानंतर जे बिघडले ते इतके हळू बिघडले की त्याला कोणी चटकन दुखणे म्हणाले नसते. सुरुवातीला तो डाव्या हाताच्या वळणावर दौड घ्यायला नाखूश दिसू लागला, मग उतारावर पावले आखूड पडू लागली, खोगीर चढवताना कान मागे पाडू लागला. तरुण घोड्याच्या बाबतीत असे झाले की लोक लगेच 'अडेल आहे, सवय लावा' असे सांगतात आणि चाबूक हातात घेतात. मला खरी खूण आमच्या नालबंदाने दाखवली. त्याने मागच्या डाव्या पायाचा जुना नाल काढून माझ्या तळहातावर ठेवला: पुढची कड ब्लेडसारखी पातळ झालेली होती आणि टाचेकडचा भाग जवळजवळ नवा होता. हॉक दुखत असेल तर घोडा पाय पुरेसा उचलत नाही, खुराचे टोक जमिनीवरून फरपटते आणि नाल तिथेच झिजतो.

याच टप्प्यावर दुसरी फसवणूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा अधिक हुशारीची होती. महिनाभरात काही निघाले तर घोडा परत घेईन, असा व्यापाऱ्याचा तोंडी शब्द होता. तक्रार करताच त्याने वाद घातला नाही. उलट 'आमचे डॉक्टर पाठवतो' म्हणाला. आलेल्या माणसाने पदवी किंवा नोंदणी यांपैकी काहीही दाखवले नाही, लेबल फाडलेल्या बाटलीतून औषध ओढले, जागा धड निर्जंतुक न करता सांध्यात सुई घातली आणि तीन हजार रुपये घेतले. त्या सुईतून जंतू आत गेले असते तर सांधा कायमचा गेला असता. घोडा पुन्हा सरळ चालू लागला आणि तो सरळ चालत असतानाच परत घेण्याची मुदत संपून गेली. लंगड पुन्हा दिसली तेव्हा व्यापारी म्हणाला, तुमच्याकडे गेल्यावर काय झाले ते मला कसे माहीत असणार!

त्यानंतर घोड्यांचेच काम करणारे पशुवैद्य बोलावले. त्यांनी डावा हॉक साधारण मिनिटभर पूर्ण दुमडून धरला आणि पाय सोडताच घोडा सिमेंटच्या रस्त्यावर दुडकी चालवायला लावला. पहिली काही पावले तो उघड लंगडला. एक्स-रेमध्ये सांध्याच्या पुढच्या बाजूला सुटलेला तुकडा दिसला. वाढत्या वयात सांध्यातील कूर्चेचे, म्हणजे मऊ हाडाचे, पक्क्या हाडात रूपांतर नीट झाले नाही तर असा तुकडा सुटतो, आणि वेगाने वाढणाऱ्या, धान्यावर पोसलेल्या शिंगरांत हा दोष विशेष दिसतो. दात पाहिल्यावर वयही उघडे पडले. घोड्याचे मधले दोन कायमचे दात सुमारे अडीचाव्या वर्षी येतात आणि त्यांच्या शेजारची जोडी साडेतीनाव्या वर्षी. याच्या शेजारच्या जोडीचे दुधाचे दात पाडलेले होते, हिरडीवर व्रण होते, आणि नवे दात फुटत असल्याचा आभास त्यातूनच तयार केलेला होता. लग्नाच्या वरातीत नाचवण्यासाठी त्याला मागच्या दोन पायांवर उभे राहण्याचे शिक्षणही आधीच दिलेले होते. व्यापाऱ्याने गुण म्हणून पाठवलेल्या व्हिडिओतच ते दिसते. अडीच वर्षांच्या जनावराचे सगळे वजन ज्या सांध्यांवर येते, तेच सांधे आधीपासून कच्चे होते.

आपल्याकडे घोडा घेताना देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) आहे का, अंगावर इतर भोवरे कुठे आहेत, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला) आहे का, यावर तासभर चर्चा होते आणि पायांना पाच मिनिटे मिळतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी भरणाऱ्या बाजारात हे कुणालाही पाहता येईल. सौदा कुठेही असो, घोडा मऊ मातीवर न पाहता कडक, सपाट जमिनीवर दुडकी चालवून पाहावा, तोही सकाळी, ठाणावरून सोडल्याबरोबर, चालवून गरम केलेला नसताना. लेप, पट्टे, घुंगरू काढून पाय स्वच्छ धुऊन घ्यावेत. आपला पशुवैद्य आपणच न्यावा, सांधे दुमडून चाचणी करावी, हॉक आणि खुरावरच्या सांध्यांचे एक्स-रे काढावेत. रक्ताचा नमुना सौद्याच्या दिवशीच काढून ठेवावा, कारण फिनाइलब्यूटाझोनसारख्या वेदनाशामकाचा मागमूस काही दिवसांत उरत नाही. सांध्यात दिलेले स्टिरॉइड मात्र रक्तात सापडेलच असे नाही. म्हणून काही रक्कम दोन-तीन महिने राखून ठेवण्याची आणि वय, आजार, दिलेली औषधे लिहून देण्याची अट अधिक उपयोगी पडते.

घोडा आता माझ्याकडेच आहे. दुर्बिणीतून तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया होते आणि सांध्याची झीज सुरू होण्याआधी केली तर फायदा चांगला होतो, परंतु दोन सुयांच्या आड गेलेल्या काळात याची झीज सुरू झाली होती. हरभरा आणि कोंडा कमी केला आहे; कोंड्यात फॉस्फरस फार असल्याने वाढत्या हाडांचे कॅल्शियमचे गणित बिघडते. वजन आटोक्यात ठेवतो, सरळ रस्त्यावर हाताने चालवतो, लहान गोलात फिरवत नाही. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी येतो आणि मागच्या नालाचे टोक गोल करून बसवतो. वेदनाशामक फक्त डॉक्टरांच्या सांगण्यावरून, चारा खाल्ल्यावर आणि मोजके दिवस, कारण त्याने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. एवढे करूनही हा घोडा रपेटीचा होणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

वकिलामार्फत नोटीस गेली आहे. 1930 च्या माल विक्री कायद्यात जनावर हा मालच आहे, आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येते. माझ्याजवळ व्हिडिओ, संदेश, पैसे भरल्याची नोंद आणि एक्स-रे आहेत. नोटीस पोचल्यावर व्यापाऱ्याने निरोप पाठवला की घोडा पाऊण लाखाला परत घेतो. तो परत नेऊन पुढच्या गिऱ्हाइकापुढे कसा उभा केला जाईल हे मला माहीत असल्याने मी नकार कळवला आहे, आणि दावा दाखल करण्याची कागदपत्रे तयार होत आहेत.